पपईची फोड

ऑफिसात जेवताना सुनंदाने आपल्या वाट्याची पपईची फोड हळूच बाजूला सरकवली. "पोट जरा बिघडलंय," ती म्हणाली. मला लगेच संशय आला. समोर साठेबाईंचेही डोळे बारीक झाले.

माझी डॉक्टर बहीण सांगते, गर्भाशयाचं अस्तरही असंच संशयी असतं. खसखशीच्या दाण्याहून लहान जीव येऊन टेकतो, पण ते त्याला सहजासहजी रुजू देत नाही. चाचपून बघतं, आणि कित्येकांना बाईला पत्ताही न लागता परत पाठवतं. आत अशी चौकशी चालू असेल, तर बाहेर आपण दुसरी कशाला मांडायची?

मीही एकदा याच टेबलावर पपई नको म्हटलं होतं. सगळ्याजणी गालात हसल्या होत्या. पाचव्या दिवशी त्यांच्यादेखत मी पपई खाल्ली, तेव्हा कुणी हसलं नाही, आणि कुणी काही विचारलंही नाही.

"काय गं सुनंदा, काही विशेष?" साठेबाईंनी विचारलंच.

मी ती फोड उचलून तोंडात टाकली. "विशेष काय डोंबल! केव्हापासून माझाच डोळा होता तिच्यावर."

सुनंदा माझ्याकडे संशयाने बघत राहिली.