इजिप्तसाठी राखलेला गहू

भैय्याजी दिवसा कळमन्याच्या बाजारात धान्याची दलाली करत आणि उरलेला वेळ जगाची. त्यांच्या गल्लीत वर्षाचा गहू भरायचा तो भैय्याजींच्याच हातचा, असा रिवाज होता. आयुष्यात त्यांना मिळालेला मान एवढाच. तो शेजारच्या बायांनी दिलेला, म्हणून त्यांना तो हलका वाटे.

दोन हजार बावीसमध्ये युद्ध पेटलं, युक्रेनची जहाजं अडली आणि भैय्याजी उजळले. पानठेल्यावर म्हणत, "रशिया गेला, युक्रेन गेला. आता इजिप्त आपल्या दारात येऊन राहिला." इजिप्तनं भारताच्या गव्हाला मंजुरी दिली, तेव्हा तर त्यांनी मिशीला कलप लावला.

एप्रिलात शेजारच्या शोभाताई थैले घेऊन आल्या.

"यंदा गल्लीले नाही जमत, ताई. एक्स्पोर्टचा माल आहे."

"मंग आम्ही काय खाव?"

"थोडा देशाचा विचार करा."

शोभाताईंनी देशाचा विचार न करता दुसरा दलाल गाठला.

पोती हॉलमध्ये रचली गेली, सोफा त्यांच्यामागे गडप झाला. बायको वंदनाबाई दरवर्षीसारखा गव्हात घालायला कडुलिंबाचा पाला घेऊन आल्या. भैय्याजींनी तो अंगणात फेकला. "परदेशी माणसाले वास चालत नाही!" इजिप्तच्या नाकाची एवढी माहिती त्यांना कुठून, हे वंदनाबाईंनी विचारलं नाही. संसार त्यांना करायचा होता.

मेमध्ये सरकारनं निर्यात बंद केली. भैय्याजी म्हणाले, तात्पुरती आहे. पावसाळा लागला. इजिप्त पुन्हा रशियाचा गहू खाऊ लागला. त्याला भैय्याजींची आठवण आल्याचं ऐकिवात नाही.

श्रावणात ते स्वतःच शोभाताईंच्या दारात गेले. "ताई, तुमच्यासाठी थोडा राखला होता."

शोभाताई आल्या. पोत्यात हात घातला, मूठभर गहू तळहातावर पसरला. दाण्यांतून सोंडे निघाले आणि मनगटाकडे चालू लागले.

"भैय्याजी, हे तर पायीच निघाले इजिप्तले," म्हणत त्यांनी हात झटकला. "आमचा भरला जी केव्हाचाच. पाला घालून."

पुढच्या एप्रिलात गल्लीतल्या कोणीच भैय्याजींना गव्हाचं विचारलं नाही. शोभाताईंनी कुंपणावरून वंदनाबाईंना मात्र विचारलं, "आमच्यासोबत तुमचाही आणू काय वं?"

आत भैय्याजी फोनवर कुणाला तरी ऑस्ट्रेलियाचं पीक समजावून सांगत होते.

"आणा," वंदनाबाई म्हणाल्या. "पाला मी तोडून ठेवते."