ओढ्यावर जाण्याबाबतचा अर्ज

आजवर मी लिहिलेल्या अर्जांची मोजदाद नाही. त्यांपैकी एकानेच मला अडवले, आणि तो मी स्वतःसाठी लिहिलेला होता.

तालुक्याच्या कचेरीसमोर लिंबाखाली टेबल टाकून बसणारा मी अर्जनवीस. शिक्षण नववीपर्यंत. तथापि वारसनोंदीपासून शिवरस्त्याच्या तक्रारीपर्यंत असा विषय नाही की ज्याचा मजकूर माझ्या हातून गेला नाही, आणि पदवी घेतलेली माणसेही आपला कागद आत देण्यापूर्वी माझ्या नजरेखालून घालतात. अशा माणसाने केलेली चूक किरकोळ नसते, हे वाचकांच्या ध्यानी यावे म्हणून एवढे सांगितले.

दिवाळी सरली आणि डोंगरातले ओढे निवळले की मी तीन दिवस टेबल बंद ठेवतो. पाठीवर सॅक, तीत ताडपत्री, घोंगडी, एक पातेले, बाजरीचे पीठ आणि ठेच्याची डबी. अकोले गावाच्या वरच्या अंगाला एस.टी. सोडायची, गुरांच्या वाटेने खिंड चढायची आणि पलीकडच्या वाडीत मुक्काम करून दुसऱ्या सकाळी ओढ्याला लागायचे. सॅकला बाजूने प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा बांधलेला असतो. त्या पाइपात माझी काठी असते.

ही काठी धरणावरच्या एका अभियंत्याने बदली होऊन जाताना मला दिली आणि ती चालवायची कशी तेही कालव्याच्या भरावावर उभे राहून शिकवले. या प्रकारात गळाला गांडूळ किंवा पीठ लावत नाहीत. कोंबड्याच्या मानेचे पीस आणि जनावराचे केस दोऱ्याने गळावर असे बांधायचे की पाण्यावर पडलेला किडाच वाटावा. या बनावट किड्याला मी पिसाची माशी म्हणतो. दोरी मागे हवेत टाकायची, ती पाठीमागे सरळ होईपर्यंत थांबायचे आणि मगच पुढे सोडायची. त्या थांबण्यातच सगळी विद्या आहे. मासा लागला की हात ओला करून गळ काढायचा आणि त्याला परत पाण्यात सोडायचे.

केस मी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातून आणतो. तिथे एका म्हशीच्या शेपटीचा गोंडा मी बराच वेळ न्याहाळत होतो, तेव्हा तिचा मालक म्हणाला, "पाव्हनं, म्हस घ्यायचीय का नुसती शेपूट?" मी शेपटीचे चार केस मागितले. त्याने ते दिले, आणि त्यानंतर मी दिसलो की शेजारच्या दावणीवाल्याला सांगतो, "तुझी जनावरं झाक, न्हावी आला."

असल्या बोलण्याने मी कधी विचलित झालो नाही. माझ्या टेबलाशेजारी मुद्रांक विकणारा गृहस्थ तर दर वर्षी पाइप पाहून विचारतो, "वकीलसाहेब, यंदा पाइपलाइन कुठवर नेली?" परंतु एका वर्षी खिंडीखाली एक वर्दीतला माणूस भेटला. त्याने पाइपाकडे बोट दाखवून विचारले, "याचा कागद हाय का?" कागद लागत नव्हता, आणि एवढे बोलून तो निघूनही गेला. मी मात्र परत येईपर्यंत तेच घोकत राहिलो. साऱ्या तालुक्याला कागद करून देणाऱ्या माणसाकडे स्वतःचा कागद नव्हता.

परतल्यावर मी अर्ज लिहिला. 'विषय : डोंगरवाटेने पायी जाऊन ओढ्यावर काठीने मासे धरून सोडून देण्यास परवानगी मिळणेबाबत.' दोन पाने, सात परिच्छेद, सुवाच्य अक्षर. जिथे परवानगी लागत नाही तिथे ती मागू नका, मागितली की नाकारणारा तयार होतो, हे मी लोकांना वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. त्याहून वाईट म्हणजे अर्जाच्या शेवटी, हाताला सवय म्हणून, मी 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' असे लिहून खाली पाच कार्यालये घातली, आणि पाचही प्रती स्वतः पोस्टात टाकल्या.

आवक टेबलाच्या भाऊसाहेबांनी अर्ज उलटसुलट केला. "मामा, मासे एका टेबलाला, डोंगर दुसऱ्याला. आणि सोडून देनार म्हनता, तर ते कुठं लावू?"

"ते तुम्ही ठरवा."

"ठरवतो की. पन तवर जाऊ नका. आता प्रकरन झालं."

पाच कार्यालयांपैकी तिघांनी उत्तरे पाठवली. एकाने काठीचे वर्णन मागितले, दुसऱ्याने ओढ्याचा नकाशा. तिसऱ्याने थेट वाडीच्या पोलीस पाटलांना कळवले, की निर्णय होईपर्यंत सदर अर्जदार तिकडे आढळल्यास अहवाल पाठवावा. पुढची दिवाळी येऊन गेली. ओढ्याचे पाणी त्या डोंगरात पौषापर्यंतच वाहते. पुढे डबकी उरतात. निर्णयाची वाट पाहायची म्हणजे ते वर्ष गेले, आणि एक वर्ष गेले की पुढची सगळीच जातात. मुद्रांकवाला एवढेच म्हणाला, "वकीलसाहेब, पाइपलाइनीला मंजुरी न्हाई आली वाटतं." त्या दिवशी प्रथमच ते मला लागले.

मी दुसरा अर्ज दिला : पहिला अर्ज मागे घेत असल्याबाबत. त्याच्या स्थळप्रतीवर, म्हणजे माझ्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, पोचेचा शिक्का घेतला, ती सॅकच्या कप्प्यात ठेवली आणि मार्गशीर्षातल्या एका सकाळी निघालो.

वाडीचे पोलीस पाटील हेच माझे दर वर्षीचे यजमान. त्यांच्या पडवीत मी झोपतो, आणि त्यांना वर पाठवायचा कागद ते खाली येऊन माझ्याकडूनच लिहून नेतात. त्यांनी मला पाणी दिले, मग आतून ते पत्र आणून समोर ठेवले.

"मास्तर, तुमच्याच कागदानं तुमाला आडवलंय."

मी शिक्क्याची स्थळप्रत काढून दिली. त्यांनी ती वाचायला पुष्कळ वेळ घेतला आणि परत केली.

"ह्यो पन अर्जच हाय. मागं घिऊ द्या म्हनून."

"रीत तशीच असते."

"रीत झाली तुमची. आमची म्हातारी पन्नास वर्सं त्या वढ्यावर जाती, धुनं धुती, खेकडी धरती. तिनं कंदी अर्ज केला का? तुमचा मातुर कुनाला इचारल्याबिगर पायच उचलत न्हाई बगा."

कचेरीतल्या कोणत्याही साहेबाने मला इतके उघडे पाडलेले नव्हते. मी स्थळप्रत कप्प्यात ठेवली, पाइप खांद्याला लावला आणि ओढ्याची वाट धरली.

"मला अहवाल द्यावा लागंल," पाटील मागून म्हणाले.

"द्या. बघायला सोबत या, म्हणजे खोटा होणार नाही."

ते खरोखरच आले. मी कातळावर उभा राहून काठी जोडली. वरून पडणारे पाणी एका खोलगट डोहात संथ होत होते. पहिल्या दोन फेकी वाया गेल्या, कारण मनात राग होता आणि मी थांबत नव्हतो. तिसऱ्या वेळी थांबलो. माशी पाण्यावर टेकली, खालून एक सावली उठली आणि काठी वाकली. वीतभर लांबीचा, मोठ्या सोनेरी खवल्यांचा मासा. हात ओला करून मी गळ काढला आणि त्याला दम यावा म्हणून मासा पाण्यात उलट्या धारेला धरला. तो निघून गेला.

पाटील पाण्याकडे पाहतच राहिले. "येवढ्यासाठी खिंड चढून आला?"

"एवढ्यासाठीच."

"आता ह्याच्यावर मी काय लिहू? मला न्हाई जमायचं. तुमीच लिहा, मी सही ठोकतो."

कातळावर मांडी घालून मी तो अहवाल लिहिला. माझ्या विरुद्ध लिहिलेला तो माझा एकमेव कागद. 'सदर इसम आज ओढ्यावर समक्ष आढळून आला. त्याने काठीने एक मासा धरला व जिवंत सोडला. परवानगीबाबत विचारता, ती लागत नाही, आपण मागितली ही चूक होती व आपण दर वर्षी येणार, असे त्याने सांगितले.' एक अक्षरही मऊ केले नाही.

पाटलांनी सही केली, शिक्का घरी मारू म्हणाले, आणि कागद खालीवर करून पाहिला.

"खाली ती माहितीसाठीच्या परतींची यादी ऱ्हायली की. कुनाकुनाला द्यायची?"

"कुणालाही नाही," मी म्हणालो, आणि दोरी पुन्हा मागे टाकली.