विहिरीकडची माती

रोज सकाळी आंघोळ झाली की कुसुम पागनीस परसातून मूठभर काळी माती आणायची, मळून अंगठ्याएवढी पिंडी करायची आणि पूजेनंतर ती तुळशीपाशी विसर्जित करायची. सासूबाईंनी हे व्रत देताना एवढंच सांगितलं होतं, "पूजेत भंगू द्यायची नाही. कुंकवाचं आहे हे."

स्वातंत्र्याच्या वर्षी श्रीकांतरावांनी, तिच्या नवऱ्याने, कचेरीतून विलायती बाभळीचं बी आणून मागच्या बांधावर टाकलं. पाणी नको, राखण नको, फुकटात कुंपण. बाभळी माजल्या. कुसुम त्यांच्याच सावलीतली माती उचलायची. तिथे ती मऊ लागे.

छप्पन साली मध्य भारत राज्य मोडलं आणि श्रीकांतरावांची कचेरी भोपाळला निघाली. ते सामान बांधत होते, त्याच सकाळी पिंडीला तडा गेला. दुसरी केली, तीही अभिषेकाच्या पाण्याने ढासळली. श्रीकांतरावांच्या छातीत मधूनमधून दुखे, हे फक्त कुसुमला ठाऊक होतं. त्यांच्या फराळाच्या डब्याचं झाकण तिने दोनदा उघडून पुन्हा लावलं.

ते एकटेच भोपाळला गेल्यावर तिने शेजारच्या सुधाकरभावजींना ती माती दाखवली. ते शेतकी शाळेत शिकवत. चिमटीत चोळून ते हसले.

"वहिनी, फिकर कशाची करता? माती बिल्कुल कसदार झालीय. बाभूळ शेंगेचं झाड, मुळांतून नत्र साठवतं. वरून पाला कुजतो. भुसभुशीत झाली, म्हणून गोळा धरत नाही."

"कसदार आहे, तर खाली गवत का उगवत नाही?"

भावजींनी हात झटकले. "त्या पाल्यात काहीतरी असतं. दुसऱ्याचं बी रुजू देत नाही."

कुसुमला आता जास्तच भीती वाटू लागली. देवाचा कोप असता तर उपास करून फेडला असता. हे तर घरच्याच माणसाने लावलेलं होतं, आणि दर पावसाळ्यात त्याची रोपं घराकडे सरकत होती.

विहिरीकडची माती अजून चिकट होती. तिची पिंडी उभी राहिली, तेव्हा कुठे कुसुमने सुटकेचा श्वास सोडला.

सुटीत श्रीकांतराव आले, तेव्हा तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे मी माझ्याच बाभळीने मरणार होतो?" ते म्हणाले.

"हसू नका. तोडा ती."

त्यांनी तोडली. खोडांना पुन्हा धुमारे फुटले, आणि तिथली माती काही गोळा धरेना. कुसुम रोज पूजेआधी विहिरीभोवती वाकून रोपं उपटू लागली. नवऱ्याचं खुशालीचं कार्ड आलं, तरी ती पिंडी बोटाने चाचपून बघायची.

श्रीकांतराव पुढे कितीतरी वर्षं ठणठणीत राहिले. तापाने अंथरूण धरलं ते कुसुमनेच. मग माती आणायचं काम सुनेकडे, कल्पनाकडे आलं. पहिल्या सकाळी ती वाटी घेऊन निघाली, तेव्हा कुसुमने मान उचलली.

"विहिरीकडचीच आण हं. आणि दूध चुलीवर आहे, उतू जाईल."