न आलेल्या स्टेशनची पाटी

आमच्या घरासमोर रेल्वे स्टेशन होतं. त्याला फलाट नव्हता, तिकीटखिडकी नव्हती, आणि तिथे एकही गाडी थांबत नसे. पण पाटी होती. ती मी रंगवली होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भांडुप आणि मुलुंडच्या मध्ये नवीन स्टेशन होणार अशी आवई तेव्हा अधूनमधून उठायची. आमच्या बिल्डरने त्या आवईवरच सगळे फ्लॅट विकले होते. बिल्डिंगचं नाव 'सागरदर्शन'. (सागर बघायचाच झाला तर गच्चीवरच्या टाकीत डोकावावं लागे!) सोसायटीचे सेक्रेटरी आमचे बाबा. विक्रोळीच्या एका कारखान्यात ते फोरमन होते, आणि घरातही फोरमनच होते.

स्टेशनचा पत्ता नव्हता, पण नावावरून गच्चीवर मीटिंग बसली.

"सागरनगर!" बाबांनी जाहीर केलं.

"अहो, इथलं मूळ गाव नाहूर. तेच ठेवा की," तळमजल्यावरचे एक गृहस्थ भीतभीत म्हणाले.

"छे! ते गावाचं नाव आहे. स्टेशनला कसं स्टेशनसारखं नाव हवं!"

पण रुळांच्या पलीकडे, पूर्वेला, गावडे मास्तर राहायचे. शाळेतून रिटायर झाल्यावर त्यांना ओरडायला कोणी उरलं नव्हतं. त्यांनी तिकडे 'विद्यानगर'चा ठराव पास केला. बाबांची झोप उडाली. त्यांचं म्हणणं असं, की ज्याची पाटी आधी लागेल त्याचं नाव पक्कं. एक दिवस रेल्वेचे साहेब पाहणीला येणार, पाटी वाचणार आणि म्हणणार, 'चला, नाव आहेच, आता खाली स्टेशन बांधून टाकू!'

माझं अक्षर चांगलं, त्यामुळे काम माझ्यावर आलं. मी म्हटलं, करायचं तर झकास करायचं. पिवळाधमक पत्रा, वर काळी ठसठशीत अक्षरं, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. कुंपणाच्या आत, सोसायटीच्या जागेत, रुळांकडे तोंड करून पाटी उभी राहिली. बाबांनी नारळ फोडला. आठवड्याच्या आत पलीकडे मास्तरांची पाटीही उगवली, पण तिच्यातला पिवळा जरा फिकाच होता हं!

इथपर्यंत कोणाचं काही बिघडलं नव्हतं. मग सुनंदाचं स्थळ आलं.

सुनंदा माझी धाकटी बहीण. बरीच स्थळं तिने नाक मुरडून परत पाठवलेली. पण चेंबूरच्या पेडणेकरांच्या शरदचा फोटो आला आणि तो फोटो घरात कोणाला सापडेना. शेवटी तिच्या पर्समध्ये मिळाला. "दादा, हे स्थळ हातचं गेलं ना, तर तुझं आणि बाबांचं काही खरं नाही," तिने मला बजावलं.

रविवारी मुलगी बघायला या, असं आमंत्रण द्यायला आम्ही चेंबूरला गेलो. शरदचे वडील, आप्पा, काळी टोपी आणि करडी नजर. मुंबईत माणसाची इभ्रत मोजतात त्या पट्टीने त्यांनी आमची मोजली. "स्टेशनपासून किती लांब राहता?"

भांडुपपासून चांगली अर्ध्या तासाची तंगडतोड होती. पण बाबा म्हणाले, "लांब? अहो, स्टेशन आमच्या गॅलरीतून दिसतं!"

"कुठलं स्टेशन?"

"सागरनगर," मी म्हणालो. अक्षर माझं ना! "भांडुप सोडलं की पिवळी पाटी बघत राहा. पाटी दिसली की समजा घर आलं."

आप्पांनी ते समजून घेतलं. आप्पा पडले हार्बरवाले. त्यांच्या लाइनीवर प्रत्येक गाडी प्रत्येक स्टेशनवर थांबायची. सेंट्रलच्या फास्ट गाड्यांवर त्यांचा जुना राग होता.

रविवारी सकाळी आम्ही नटूनथटून गॅलरीत उभे. पोहे तयार, सुनंदा आत साडीच्या निऱ्या तिसऱ्यांदा घालत होती. एवढ्यात मुलुंडकडे जाणारी गाडी आली. दारात साक्षात आप्पा! एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हाताने पाटीकडे बोट, आणि तोंडाने काहीतरी जोरजोरात.

"नमस्कार करतायत!" बाबा भारावले. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. गाडी निघून गेली.

"काय गोड माणसां!" आई म्हणाली.

थोड्या वेळाने मुलुंडहून परतीची गाडी आली. तिच्यातही आप्पा! पण पलीकडच्या दारात, आमच्याकडे पाठ. समोर 'विद्यानगर'ची पाटी आणि पाटीखाली गावडे मास्तर, पाहुणा समजून आप्पांना आग्रहाने 'या, या' करतायत. ही गाडीही गेली.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. "बाबा, वाट लागली! ते आपल्या स्टेशनवर उतरायला बघतायत!"

"मग उतरत का नाहीत?" बाबा म्हणाले. (स्टेशनवर त्यांचा तोपर्यंत पूर्ण विश्वास बसला होता.)

आईने कपाळाला हात लावला. "रे मेल्या, ते पावणे गाडीतच ऱ्हवतले काय? ती पाटी काढ आधी!"

मी धावलो. पाटी मुळापासून हलवली, उपटली, खांद्यावर घेतली आणि वळलो, तोच भांडुपकडून पुन्हा गाडी. दारात आप्पा. आमची नजरानजर झाली. माझ्या खांद्यावर अख्खं सागरनगर! आप्पांचा आवाज गाडीच्या खडखडाटावर चढला, "शरद, अरे बघ! स्टेशन घेऊन पळतोय!"

शेवटी दोघं मुलुंडला उतरून रिक्षाने आले. पोहे तोवर इतक्यांदा गरम झाले होते की त्यांचा चिवडा झाला होता. आप्पांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हाच तो! सेंट्रलची प्रत्येक गाडी तुमचं स्टेशन गाळते, आणि जरा थांबेलसं वाटलं तर मुलीचा भाऊ स्टेशनच उचलतो! शरद, ऊठ."

शरद उठला, पण हळूहळू. त्याची नजर दाराकडे नव्हती, आतल्या खोलीकडे होती.

"एकच सांगा," आप्पा बाबांना म्हणाले, "इथं स्टेशन आहे की नाही?"

बाबांनी पंख्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. आई पदराशी खेळू लागली. तेवढ्यात सुनंदा पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि तो दाणकन टीपॉयवर ठेवला.

"नाहीये! फक्त पाटी आहे. मी रोज भांडुपहून चालत येते, चपला झिजतात. या दोघांना सांगून सांगून थकले मी. पोहे वातड झालेत, पण खायचे तर खा, भूक लागली असेल."

मी मनात म्हटलं, गेलं स्थळ!

आप्पा पुन्हा बसले. त्यांनी पोह्यांचा एक घास घेतला आणि बराच वेळ चावला. "या घरात एक तरी माणूस खरं बोलतं," ते म्हणाले. "तेवढं आम्ही घेऊन जातो."

लग्न थाटात झालं. पत्रिकेवर 'भांडुप स्टेशनपासून अर्धा तास' असं आप्पांनी स्वतः छापून घेतलं. गावडे मास्तर अहेर घेऊन आले, पण बाबांशी बोलले नाहीत.

पुढे खूप वर्षांनी स्टेशन खरंच झालं. नाव ना सागरनगर, ना विद्यानगर. नाहूर! रेल्वेला गावाचं नाव चाललं. बाबा तेव्हा नव्हते, आणि त्यांना ते बघावं लागलं नाही याचं मला खरंच बरं वाटलं.

नव्या स्टेशनवर उतरायचं म्हणून मी शरदरावांना घेऊन मुद्दाम दादरहून गाडी पकडली. भांडुप मागे पडलं तसा मी ऐटीत दारात जाऊन उभा राहिलो. पिवळीधमक पाटी आली... आणि सुसाट मागे गेली.

"अहो, गाडी थांबली का नाही?" मी ओरडलो.

"फास्ट आहे," शरदराव खिडकीतून बाहेर बघत म्हणाले. "दादरलाच कळलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"त्या रविवारीही मला सगळं कळलं होतं, दादा. पण आप्पांना सांगून उपयोग नसायचा." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही तर थेट त्यांच्यावरच गेलात."