गुडघ्यातलं रक्त

काष्टीजवळच्या एका छोट्या दवाखान्यात मी लॅबचं काम बघायचे तेव्हाची ही गोष्ट. खर्ड्याकडून ऊस तोडायला आलेली एक बाई नवऱ्याच्या खांद्याला धरून लंगडत आली. वय पंचविशीच्या आतलं. डावा गुडघा सुजून मांडीएवढा झालेला.

"सकाळी मोळी घिऊन पडली," नवरा म्हणाला.

एक्स-रेत हाड धड दिसत होतं. डॉक्टरमॅडमनी सुई घालून सांध्यातलं पाणी ओढलं, तर सिरींज रक्ताने भरली. त्यांनी ती तपासायला माझ्याकडे दिली.

मी ते रक्त दोन ट्यूबमध्ये घेतलं. एक थोडा वेळ नुसती उभी ठेवली. रश्शावर तवंग यावा तसे रक्तावर तेलाचे थेंब जमले. ती हाडातली चरबी होती. हाड आतून तडकलं की ती अशी सांध्यात उतरते. दुसरी ट्यूब मशीनवर फिरवली. रक्त खाली बसलं, पण वरचं पाणी गडद पिवळं आलं. म्हणजे आतलं काही रक्त जुनं होतं, सकाळचं नव्हे.

पहिली ट्यूब मॅडमना दाखवायला निघाले, तर बाई बाहेर बाकावर बसलेली आणि नवरा शेजारी उभा. त्याच्यासमोर विचारायला नको होतं. मी विचारलं.

"याआधी कधी लागलं होतं का गं?"

"न्हाई म्हन," तो तिला म्हणाला.

तिने माझ्याकडे पाहिलं. "चार दिस झालं, ताई."

त्याने तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि डोकं भिंतीवर आपटलं. परत आपटलं. मी त्याच्या हाताला लोंबकळले. त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं, ओठ फाटला, हातातली ट्यूब फरशीवर फुटली. मग त्याने नेमकी त्या सुजल्या गुडघ्यावर लाथ घातली. ती अशी ओरडली की बाकीचे पेशंट उठून पळाले.

मी लोखंडी स्टूल उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं. तो पडला. तेवढं पुरे होतं, पण मी आणखी दोनदा घातलं. कंपाउंडरने मला मागून धरलं तेव्हा थांबले.

पोलीस त्याला घेऊन गेल्यावर ती बोलली. कोयत्याच्या पाठीने मारलं होतं, आधी चार दिवसांपूर्वी आणि परत काल. आईला फोन केला, एवढाच तिचा गुन्हा. मी उरलेली ट्यूब तिला दाखवली. ती उजेडात धरून तिने बराच वेळ पाहिली.

"एवढं साचलं हुतं व्हय?"

मॅडमनी रिपोर्टात सगळं लिहिलं आणि तिला नगरला पाठवलं. तिथल्या स्कॅनमध्ये हाडाची चीर दिसली. तिने पोलिसांना जबाब दिला. आई-भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेले. तो थोड्याच दिवसांत जामिनावर सुटला.

माझ्या ओठाला दोन टाके पडले. पहिल्यांदा स्टूल मारल्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. पुढच्या दोन वेळा मात्र मी त्याला मारलं, कारण मारताना बरं वाटत होतं. हे मी त्याच संध्याकाळी मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "घरी जा, झोप." मी गेले. झोप लागली नाही.