स्टारमधून निघालेला देवमासा

“देवमासा हाय म्हणून कोनी सांगितलं रं?” उत्तनच्या मासेवाल्या मावशी फोनवर एवढ्या ओरडल्या की इथे मीरा रोडला माझ्या खिडक्या हादरल्या. त्यांची वेबसाइट मीच बनवली होती. प्रत्येक माशाचं वेगळं पान कोण करत बसणार, म्हणून वेबसाइटच्या पत्त्यात ‘मासे’नंतर माशाच्या नावाच्या जागी मी फक्त एक स्टार (*) टाकला. त्या जागी काहीही लिहा, त्या नावाचं पान उघडायचं आणि ‘ताजा आहे, मागवा’ म्हणायचं. एका गिऱ्हाइकाने ‘देवमासा’ लिहून चक्क अर्धा मागवला. मावशींचा शब्द आजवर कधी खोटा पडला नव्हता. मी निमूटपणे गिऱ्हाइकाला फोन लावला. “साहेब, माफ करा, देवमासा नाहीये. चूक माझी आहे.”

“बरं,” ते म्हणाले, “मग बोंबील द्या.”