वापसी दिवाळीची

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आपलं फाटक वर हिरवं आणि खाली असं का?" तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आता तुमचे बाबा तिकडून नवं फाटक बसवून देतो म्हणतायत. ते बसलं की कुणी विचारणारही नाही, म्हणून आजच लिहिते.

इथे या हिंदी मुलखात, नगरा मोहल्ल्यात, आपल्या मागच्या गल्लीत एक गृहस्थ राहायचे. रेल्वेच्या कारखान्यात मालगाडीचे डबे रंगवून निवृत्त झालेले. कुठलीही जुनी वस्तू दिसली की ते आधी बोटाने टकटक करत, कान जवळ नेत आणि सांगत, "अबै जान है ईमें." म्हणजे अजून जीव आहे यात. माझ्या गळक्या बादलीबद्दलही त्यांनी हेच सांगितलं होतं. मला ते जिज्जी म्हणत, म्हणजे थोरली बहीण. वयाने माझ्याहून मोठे, तरीही.

बायको गेल्यापासून ते एकटे होते. मुलगा सुरतेला कामाला. तो एकदा म्हणाला, "बाबू, अपनी गाड़ी हो तो घर आ जाऊँ." झालं! भंगारात निघालेली एक पिकअप दोरीने ओढत आणून त्यांनी आपल्या कडुनिंबाखाली उभी केली. मुलाने टहरौली गावाहून मटार आणायचा, मंडीत घालायचा आणि संध्याकाळी घरी जेवायला यायचं, एवढाच त्यांचा बेत.

सगळा पैसा गाडी घेण्यातच संपला होता. गंजलेल्या तळाला तेलाच्या डब्यांचे पत्रे लागले, सीटमध्ये जुन्या गादीचा कापूस गेला. इंजिन एका जुन्या सोबत्याने येऊन लावून दिलं. मी खाली वर्तमानपत्रं अंथरली आणि त्यांचे स्क्रू लोणच्याच्या बरण्यांत लहान-मोठे वेगळे करून ठेवले. "जिज्जी, आप तो हमारी फोरमैन हो गईं!" ते हसत म्हणाले.

रंगाला तर काहीच उरलं नव्हतं. दिवाळीची रंगरंगोटी झाल्यावर प्रत्येक घरी डब्याच्या तळाशी थोडा रंग राहतो. तो ते मागून आणू लागले. आपल्या फाटकाचा हिरवा, मिठाईवाल्याचा गुलाबी, देवळाचा भगवा, सगळं एका पिंपात ढवळलं.

"काए जिज्जी, कौन सा रंग बना?"

"वरणाचा. हिंग जरा जास्त पडलाय."

"पूरी गाड़ी में एक-सा है न? बस!"

होळीला मुलगा आला. गाडी बघून खूश झाला, फेरी मारून आला आणि उतरता उतरता म्हणाला, "बाबू, इसका काम तो सूरत में ज़्यादा है."

त्यांनी त्याला थोडं थांबायला सांगितलं आणि ब्रश घेऊन आले. मालगाडीच्या डब्यावर तो कारखान्यात परत कधी आणायचा ते लिहिलेलं असतं. तसं त्यांनी गाडीच्या मागच्या फळीवर पांढऱ्या रंगात लिहिलं, 'वापसी – दिवाली'.

"बाबू, ये मालगाड़ी है क्या?" मुलगा हसला.

"हओ. मालगाड़ी भी लौटती है."

गाडी सुरतेला गेल्यावर उरलेल्या रंगाचा एक डबा त्यांनी घट्ट झाकण लावून ठेवला. गाडी आली की ओरखडे भरायला. दिवाळीच्या आधी कडुनिंबाखालच्या माझ्या कुंड्या हलवून त्यांनी जागा झाडून ठेवली. गाडी आली नाही. "चल रही होगी, जिज्जी. अबै जान है ईमें." पुढच्या वर्षीही त्यांनी जागा झाडली.

ती दुसरी दिवाळी गेल्यावर एका सकाळी ते तो डबा घेऊन आले. आपलं फाटक खालून गंजलं होतं. मांडी घालून ते खालचा भाग रंगवत बसले. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "रखे-रखे सूख जाएगा."

मागच्या थंडीत ते गेले. मुलगा रेल्वेने आला. गाडीचं मी विचारलं नाही.

फाटकाचा खालचा भाग अजून त्याच रंगाचा आहे. तिथे पुन्हा गंज चढलेला नाही.